मंदाबाईची गुळणी

सावद्याहून निघालं की केळीच्या बागा दोन्ही बाजूंनी रस्त्यावर ओणवतात, आणि त्या जिथे थोड्या मागे सरकतात तिथे हे गाव लागतं. गावाच्या मधून नाला. नाल्याच्या या काठाला वरची आळी, त्या काठाला खालची आळी. वरच्या आळीत मंदाबाई राहते, ही गोष्ट खालच्या आळीला सांगावी लागत नाही. ऐकू येते.

मंदाबाई केळी भरणाऱ्या बायांची मुकादम. घड कापून आला की त्याच्या फण्या करायच्या, धुवायच्या, खोक्यात लावायच्या. तिने बागेच्या या बांधावरून "चाला वं बयांऽऽ, केयी पाहुनी आहे का, तिले वाट पाहाले लावता!" अशी हाक दिली की त्या बांधावरच्या बाया उठायच्याच, पण मधल्या सावलीत झोपलेलं कुत्रंही उठून काहीतरी काम असल्यासारखं चालू लागायचं. तिला प्रश्न विचारण्यात अर्थ नसे. प्रश्न अर्धा विचारून होईपर्यंत उत्तर अंगणात येऊन बसलेलं असायचं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती धाकट्या भावाकडे, रुपचंदकडे परत आली, तेव्हा सांत्वनाला आलेल्या बायांना "रडू नका वं, बसा, च्या घ्या" असं तीच सांगत होती म्हणे.

रुपचंदची मुलगी भाविका. आता पंधराची. जन्मताना हवा कमी पडली, असं डॉक्टर म्हणाले. हातपाय आपल्या मर्जीने हलतात, तिच्या मर्जीने जरा उशिराने. मान कष्टाने सावरते. तोंडातून शब्द निघत नाही, हसू मात्र खळाळून निघतं. तिला लहानपणी कडेवर घेऊन मंदाबाईने गाव हिंडवलं, आणि तेव्हापासून भाविकाच्या वाटचं बोलणं मंदाबाईने आपल्या तोंडावर घेतलं.

पाहुणे यायचे. विचारायचे, "भाविका, चहा घेते का बेटा?"

भाविकाची मान पाहुण्याकडे वळायला निघायची. तेवढ्यात मंदाबाई, "घेते ना! भल्ता आवडते तिले. साखर टाका अन् बशीत द्या, कपानं सांडते."

"शाळेत जाते का गं?"

"जाते ना! आठवीत नाव आहे. मास्तर घरी येते आठोड्यातून. गनित आवडते तिले."

भाविकाची मान तोवर पाहुण्यापर्यंत पोचलेली असायची. पाहुणा मात्र मंदाबाईकडे वळून बसलेला असायचा.

भाविकाची आई नूतन शिंदखेड्याकडची. या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी तिची अहिराणी काही तापीत वाहून गेली नव्हती. ती कधीकधी हळूच म्हणायची, "अक्का, तिले बठ्ठं समजस. जराशी दम धरा ना."

"मंग! मले माहीत नही का तिले समजते ते? म्हनून तं सांगते मी!"

नूतन चहा ओतायला वळायची.

नूतनच्या माहेरच्यांनीच धुळ्याच्या सुलक्षणा मॅडमचं नाव सांगितलं. ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही, त्यांना चित्रांवरून, खुणांवरून, यंत्रावरून बोलायला त्या शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भाविकाला एक पाटी करून दिली होती. जाड पुठ्ठ्यावर मोठाले चौकोन, प्रत्येक चौकोनात चित्र आणि खाली शब्द, वरून पाण्यापावसात भिजू नये असा प्लास्टिकचा पापुद्रा. घरच्या माणसांचे फोटोही त्यावर होते. भाविकाने मूठ करून ती चौकोनावर टेकवायची, समोरच्याने तो शब्द मोठ्याने म्हणायचा. रुपचंदने नंतर जळगावहून टॅब आणला, त्यातही तीच चित्रं भरली. त्यावर मूठ टेकली की एक बाई बोले. बँकेत नंबर पुकारणारी असते ना, तशी. "मला. पाणी. हवे आहे." मंदाबाई पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "हे कोन वं शिष्ट? हिले कोनी जेवाले बी बोलवत नसन."

ही गोष्ट सुरू होते ती गेल्या आखाजीच्या आधीच्या हिवाळ्यात, धुळ्याला मॅडमच्या खोलीत. नूतनबरोबर मंदाबाईही गेली होती, कारण मंदाबाई जात नाही असं ठिकाण नाही.

सुलक्षणा मॅडमचं बोलणं इस्त्री केल्यासारखं. त्या भाविकासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भाविका, मला सांगशील, मागच्या आखाजीला तू काय काय केलंस?"

आता आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, इकडच्या बायांचा वर्षाचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके चढतात, घरोघरी गौराई बसते, खापरावर मांडे पडतात आणि रसाची पातेली भरतात. आणि या गावात दुपार कलली की दोन्ही आळ्यांच्या बाया नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. मनापासून, वर्षभर साठवून. त्या दिवशीची शिवी कोणाला लागत नाही, असं मानतात. एकीने द्यायची, समोरच्या काठाने उलटून द्यायची. उत्तर रेंगाळलं की समोरची बाई थाळी वाजवते, आणि थाळी वाजली की डाव गेला. वरच्या आळीकडून मंदाबाई, खालच्या आळीकडून कुंदाबाई. गेली कित्येक वर्षं मंदाबाईने खालच्या आळीला थाळीवर पळी टेकवू दिली नव्हती.

तर मॅडमनी विचारलं, आणि मंदाबाई सुटली. "काय करन! नाल्यावर गेली, झोका पाह्यला. मी कुंदीले अशी हानली ना म्याडम, म्हनलं तुह्या तोंडाची मोरी तुंबली वं कुंदे, बांबू आन! ही हसून हसून खुर्चीतून घसरली."

"मंदाबाई," मॅडम म्हणाल्या, "मी भाविकाला विचारलं."

"तेच तं सांगू राह्यली ना मी!"

भाविकाची मूठ उठली. मंदाबाईच्या फोटोवर गेली. मग सरकत, अडखळत 'बोल' वर. मग 'नको' वर. तिथे ती दाबून धरली. मग मूठ पुन्हा उठली आणि 'मी' वर आली.

सुलक्षणा मॅडमनी जसंच्या तसं म्हटलं, "आत्या. बोल. नको. मी."

 मंदाबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरून चहा आला. भाविकाची मूठ आधीच पाटीवर होती. 'चहा'. 'नको'.

"तुला चहा आवडत नाही?" मॅडमनी विचारलं, आणि थांबल्या. नुसत्या बघत बसल्या.

भाविकाने 'नको' वर मूठ तीनदा आपटली.

इतकी वर्षं ही पोरगी बशीतून चहा पीत होती.

परतीच्या बसमध्ये मंदाबाई खिडकीला टेकून बसली. धुळ्याहून जळगाव आलं, जळगावहून सावद्याची गाडी धरली, तरी शब्द नाही. सावद्याच्या गाडीचा कंडक्टर तिला ओळखत होता. सुट्ट्यावरून, खिडकीवरून, ड्रायव्हरच्या ब्रेकवरून ती दर वेळी त्याला काहीतरी ऐकवायचीच. तो दोनदा तिच्यापाशी घुटमळला. शेवटी नूतनला म्हणाला, "ताई, अक्काची तब्येत बरी नाही का? नाही म्हणजे, गाडी फार शांत वाटू राहिली आज."

नूतन पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघू लागली.

घरी आल्यावर मंदाबाईने भाकऱ्या थापल्या, त्याही आवाज न करता. मग हात पुसून ती भाविकाच्या खुर्चीसमोर पाटी घेऊन बसली.

"तुले नाल्यावर बोलाचं आहे? आखाजीले?"

'मी'.

"कुंदीसंगं?"

भाविका खळाळून हसली.

"ते कुंदी आहे हो. उत्तर द्याले येळ लागला तं थाळी वाजवते. वरच्या आळीचं नाक जाईन."

'मी', भाविकाची मूठ. 'मी'. 'मी'.

"बरं मंग," मंदाबाई म्हणाली. "तू बोलशील. मी त्या दिवशी तोंडातून शब्द काढनार नही. काढला तं नाव बदलजो माहं."

हे म्हणणं सोपं होतं. मॅडमनी फोनवर कानमंत्र दिला तोही ऐकायला सोपा. "तिला बोलावंसं वाटलं की ती आधी पाटीकडे बघते, मग शब्द शोधते, मग हात नेते. तुम्ही मध्ये बोललात की तिला पुन्हा पहिल्यापासून निघावं लागतं. तुम्ही फक्त थांबायचं."

"फक्त! म्याडम, तुम्ही फक्त सांगितलं, आता मले सांगा, कसं थांबतात?"

मंदाबाईने ओठ घट्ट मिटून पाहिले. नाकातून हुंकार निघाला. पदराचा बोळा दातात धरून पाहिला, तर बोळ्याच्या बाजूने, "पानी का? पानी म्हनते का?" असं झिरपलंच. तळहात तोंडावर ठेवला, तर हात उचलून बोलून पुन्हा ठेवला, हे तिच्याही लक्षात आलं नाही. नूतनने सांगितलं तेव्हा कळलं.

मग एके दिवशी चूळ भरताना तिला सुचलं. तोंडात पाणी आहे तोवर माणूस बोलू शकत नाही.

तेव्हापासून भाविकाच्या खुर्चीजवळ एक लोटा आला. भाविकाची मूठ पाटीकडे निघाली की मंदाबाई लोटा तोंडाला लावायची, गुळणी धरायची आणि गाल फुगवून, डोळे वटारून बसायची. भाविकाचं म्हणणं पुरं होईपर्यंत पाणी तोंडात. पहिले चार दिवस अर्धं पाणी नाकातून आलं. शेजारणी विचारू लागल्या, "दाढ दुखते का वं मंदे?" तिला उत्तर देता येईना आणि गप्प बसवेना. ती हाताने झुरळं झटकावीत तसं त्यांना झटकायची.

आणि मग एक वेगळाच घोळ झाला. गुळणी तोंडात असताना स्वतः मंदाबाईला काही म्हणायचं झालं तर?

एकदा भाविका बोलत असताना शेजारची कोंबडी सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि पिठाच्या परातीत उभी राहिली. मंदाबाई उठायला गेली तर पाटी मांडीवर, भाविकाची मूठ पाटीवर. नूतन मागच्या दारी. आता? मंदाबाईने पाटीवर नजर फिरवली. पाणी. जेवण. शू. झोप. दुखतंय. धन्यवाद. एका कोपऱ्यात ऊन, पाऊस, वारा. 'मेली कोंबडी पिठात नाचू राह्यली, हाकल तिले' यातलं एकही अक्षर त्या पाटीवर नव्हतं. मंदाबाईने घाईघाईने बोट आपटलं. 'जेवण'. 'नको'. 'जा'. आणि शेवटी राग काढायला काहीच न सापडून, 'धन्यवाद'.

भाविका इतकी हसली की खुर्चीचा पट्टा ताणला. आणि श्वास सावरून तिने मूठ नेली ती 'अजून' वर. आत्याने पाटीवरून बोलावं, अजून बोलावं. आजवर त्या घरात पाटीवरून बोलणारी ती एकटीच होती. गावात सगळे मराठी बोलतात आणि एकट्या माणसाने चिनी बोलावं, तसं.

त्या दिवशी कोंबडीने पीठ खाल्लं ते खाल्लंच. पण मंदाबाईने गुळणी थुंकली आणि सरळ धुळ्याला फोन लावला.

"म्याडम, तुमची पाटी गरीब आहे वो."

"म्हणजे?"

"म्हनजे मी एवढ्या शब्दांत अर्धा दिवस काढू शकत नही, अन् हे पोरगी दोन वर्षं संसार करू राह्यली त्याच्यावर! पानी द्या, शू ले न्या, धन्यवाद. दवाखान्यात आहे का ते? भांडाले काही नही. खोटं बोलाले नही. कोनाले चिडवाले नही!"

मॅडमनी तिला मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. थांबायची त्यांना सवयच होती. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. आपल्याला तिच्याकडून जे ऐकायची गरज होती, ते मी त्यावर घातलं. तिला काय म्हणायचंय ते तिलाच विचारायला हवं होतं. विचारा तुम्ही. मी चित्रं पाठवते. पण शब्द तिने निवडायचे हं. तुम्ही नाही."

मग त्या ओसरीवर शब्दांची निवड बसली. मंदाबाई एकेक नाव पुकारायची, भाविकाने डोळे वर केले तर हो, मिटले तर नाही.

"गाढव?" डोळे वर.

"म्हैस?" डोळे वर.

"डुक्कर?" मिटले.

"का वं? डुक्कर चांगली शिवी आहे!" डोळे मिटलेलेच. "बरं बाई. बेडूक? कोंबडी?" दोन्हींना वर. कोंबडीला तर हसून वर.

तोंड, नाक, झाडू, मोरी, वास, ओरडते, खोटं, गप्प, का, कोण, तरी. कुंदाबाई ग्रामपंचायतीला उभी राहिली होती तेव्हाच्या पत्रकावरचा तिचा हात जोडलेला फोटो मंदाबाईने जपून कापला आणि आपल्याच फोटोशेजारी चिकटवला. "ऊन, पाऊस, वारा काढून टाकू का? त्याची काय शिवी होते?" तिने विचारलं. भाविकाने डोळे असे घट्ट मिटले की ते राहिले.

नूतन दारातून बघत होती. "अक्का, पोरले शिव्या शिकाडी ऱ्हायनात का?"

"आखाजीची शिवी म्हनजे शिवी नही, नैवेद्य आहे तो."

नूतनने हातातलं सूप खाली ठेवलं. मग जवळ येऊन म्हणाली, "आम्हना तठे शिंदखेडाले उंदीरबी म्हंतस." आणि भाविकाचे डोळे वर गेले.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात मंदाबाई नाला ओलांडून कुंदाबाईच्या दारात गेली. कुंदाबाई शेवया वाळवत होती. आवाज तिचाही काही कमी नव्हता, फक्त जरा घोगरा. भिजल्या ढोलासारखा.

"काय वं मंदे, आधीच हार मानाले आली का?"

"या वर्षी माह्याकडून भाविका बोलनार आहे. तिले येळ लागते. थाळी वाजवाले लावू नको लगेच."

कुंदाबाईने शेवयांवरून हात काढला. "हे पाह्य मंदे. थांबून थांबून शिव्या द्याच्या तं आखाजी कायले? पत्र लिहू एकमेकीले. अन् लेकरू समजून मी हयू हयू बोलू? ते मले जमनार नही. नाल्यावर आली तं ते माही दुश्मन."

"हयू बोल कोन म्हनलं? दुश्मनासारखीच बोल. फक्त थांब."

"मी कोनासाठी थांबत नही," कुंदाबाई म्हणाली आणि शेवया उलटू लागली.

मंदाबाई परत आली. नाल्याच्या पुलावर तिच्या मनात एकदा आलं की पोरीला समजवावं. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी. वरच्या आळीचं नाक गेलं तर बाया भाविकाला काही म्हणणार नाहीत, पण वर्षभर तिच्याकडे बघून "असू द्या बिचारी" म्हणतील. ते शिवीपेक्षा वाईट. घरात शिरली तर भाविका नूतनला पाटीवरून म्हणत होती, 'मोरी', 'तोंड', 'कोण', आणि स्वतःच उत्तर देत होती, 'कुंदा'. सराव चालला होता. मंदाबाईने लोटा घासायला घेतला.

आखाजीच्या दुपारी नाल्याची वाळू तापून पांढरी झाली होती. दोन्ही काठांवर नवी लुगडी, साड्या, माहेरवाशिणींच्या मेंदीचे हात. वरच्या आळीच्या बायांनी भाविकाची खुर्ची पार काठाशी आणली. मांडीवर टॅब, शेजारी मंदाबाई, मंदाबाईच्या हातात लोटा. खालच्या काठावर कुंदाबाई कमरेवर हात ठेवून, आणि तिच्या शेजारी तिची सून थाळी-पळी घेऊन.

पहिले दोन-तीन डाव इतर बायांनी खेळून घेतले. मग कुंदाबाई पुढे झाली.

"ए भाविकेऽऽ!"

वरच्या आळीच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. भाविकाचं नाव घेऊन आजवर कोणी शिवी काढली नव्हती. भाविकाची मान ताठ झाली.

"ए गाडीवरच्या राणी! तुह्या आळीतले मानसं संपले का वं, बेडूक आनून बसोलं ते? पाह्य, पाह्य तुही आत्या! गाल फुगेल, डोये बाहीर! मंदाबाई नही ते, डबक्यातलं बेडूक आहे!"

खालचा काठ फुटलाच. आणि खरं सांगायचं तर वरच्या काठावरही दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. गुळणी धरलेली मंदाबाई त्या क्षणी दुसरं कशासारखंही दिसत नव्हती.

भाविकाची मूठ टॅबवर उतरली. पहिल्या चौकोनावर टेकली आणि टॅबवरची बँकेतली बाई काही बोलायच्या आत पडदा काळा झाला. काळ्यावर पांढरी अक्षरं आली. यंत्र फार तापलं आहे, थंड होऊ द्या. खानदेशातला उन्हाळा त्या बाईला सोसला नव्हता.

"बंद पडनं! अक्का, बंद पडनं!" नूतन पदराने टॅबला वारा घालू लागली. पलीकडे सुनेची पळी वर गेली.

नूतनने टॅब सोडला आणि खुर्चीमागच्या पिशवीतून पुठ्ठ्याची पाटी ओढून काढली. यंत्र असलं तरी पाटी बरोबर ठेवायची, ही मॅडमची शिस्त. पाटी भाविकाच्या मांडीवर आली. पण पाटीला आवाज नसतो. कोणीतरी म्हणायला हवं, आणि नाल्याच्या त्या काठावर ऐकू जाईल असा गळा वरच्या आळीत एकच होता.

मंदाबाईने गुळणी गिळली.

मूठ हलली. मंदाबाईने चौकोन पाहिला आणि पोटातून आवाज काढला, "आत्याऽ!"

मूठ उठली, थरथरली, एका चौकोनावरून पुढे गेली, परत आली.

"बेडूक!"

खालच्या काठावर हशा उसळला. "कबूल केलं वं पोरीनं! घरचाच साक्षीदार!" वरच्या आळीच्या बाया मंदाबाईच्या पाठीत बोटं खुपसू लागल्या. "मंदे, सांभाळ! काहीतरी बोल ना तू! डाव जाते ना!"

आणि शिव्या मंदाबाईच्या जिभेवर होत्याच. तीन शिव्या तयार होत्या, एकीला एक सरस. शिवाय डोळ्यासमोर दिसत होतं की चूक झाली आहे. तिचा फोटो आणि कुंदाचा फोटो शेजारी शेजारी. मूठ घसरली असणार. पोरीला 'कुंदा बेडूक' म्हणायचं होतं, नक्कीच. त्या काठावरून पाटी कोणाला दिसते? 'कुंदा' म्हटलं असतं तर कोणालाही कळलं नसतं. आपल्या भाविकाला काय म्हणायचंय ते मंदाबाईला नाही कळणार तर कोणाला?

चहा, तिला आठवलं. बशीतला.

तिने दात दातांवर ठेवले आणि मुठीकडे बघत राहिली. पलीकडे पळी थाळीवर येत होती. येता येता तिच्या आणि थाळीच्या मध्ये कुंदाबाईचा तळहात आला.

"थांब वं," कुंदाबाई सुनेवर खेकसली. "मले शिवी येऊ राह्यली ना! अर्ध्यात तोडते का?"

 झोक्याची दोरी कुरकुरत होती. मूठ टेकली.

"गप्प!" मंदाबाई ओरडली. भाविकाचे डोळे वर गेले. बरोबर.

"कुंदा!"

"बेडूक!"

मूठ आता पाटीच्या त्या कोपऱ्याकडे निघाली, जिथे मंदाबाईच्या मते नुसती अडगळ होती. वाटेत दोनदा थांबली. 

"पाऊस!"

"नाही!"

"तरी!"

शेवटच्या चौकोनाला वेळ लागला. मुठीला घाम आला होता, ती प्लास्टिकवरून सरकत होती. भाविकाने दात खाऊन ती दाबली.

"ओरडते!"

मंदाबाईने म्हटलं आणि मग म्हटलेलं तिचं तिलाच समजलं. आत्या बेडूक, पण गप्प. कुंदाही बेडूकच, आणि ही पावसाचा थेंब नसताना ओरडते.

आधी हसली ती थाळीवाली. कुंदाबाईची सख्खी सून. पळी टाकून, पोट धरून, वाळूत बसून हसली. मग तिच्यामागचा अख्खा काठ. वरच्या आळीने काय गोंधळ घातला ते सांगण्यात अर्थ नाही, सावद्यात विचारा, तिथे ऐकू गेला असेल. नूतन टॅब छातीशी धरून "मनी पोर शे ती! मनी पोर!" असं दिसेल तिला सांगत सुटली होती, जणू गावाला माहीत नव्हतं.

कुंदाबाईचं तोंड अजून उघडंच होतं. ते तिने मिटलं. "मंदे! हे तू शिकोलं तिले!"

"मी?" मंदाबाईचा आवाज नाला ओलांडून गेला. "मी शिकोलं असतं तं मी बेडूक झाली असती का वं?"

 कुंदाबाईने कासोटा सावरला, पुढे पाण्याच्या उरल्यासुरल्या डबक्यापर्यंत आली आणि मंदाबाईला ओलांडून सरळ खुर्चीकडे बोट रोखलं.

"भाविकेऽऽ! लय शहाणी झाली का? ऐक आता! तुही जीभ नही ते काय झालं, तुही मूठच चांगली हातभर लांब आहे! अन् ते पाटी आहे का उकिरडा? जे सापडलं ते उचलून फेकते माह्या अंगावर!"

वरची आळी भाविकाकडे वळली. यंदा कोणी मंदाबाईकडे बघितलंसुद्धा नाही.

मंदाबाईने सवयीने लोटा उचलला, ओठांपर्यंत नेला. शिवी पुरती संपायच्या आतच भाविकाची मूठ पाटीवर निघाली होती, आणि ओठाच्या कोपऱ्यात असं हसू होतं की कुंदाबाईची आता खैर नव्हती. ती काय म्हणणार आहे, हे मंदाबाईला मुळीच माहीत नव्हतं.

तिने लोटा वाळूत ठेवला, खुर्चीशी उकिडवी बसली आणि रिकाम्या तोंडाने थांबली.